टीचर्स डेच्या फलकावर अपॉस्ट्रॉफी नेमकी कुठे द्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत ५ सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी इंग्रजी फलक आणि प्रमाणपत्रं छापायची आहेत. “टीचर्स डे” लिहिताना अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, एसनंतर की मुळीच नाही, यावर स्टाफरूममध्ये तीन मतं पडली आहेत. एका शिक्षकांचं नाव श्रीनिवास आहे, म्हणजे शेवटी आधीच एस. तिथे आणखी एक एस लावायचा का, हाही वाद आहे. आणि या सगळ्याला एखादा सोपा नियम आहे का, असं तुम्ही विचारलंय.

छपाई अडू नये म्हणून फलकाचं आधी सांगते: अपॉस्ट्रॉफी एसनंतर. श्रीनिवास यांच्या नावाबाबत दोन पद्धती रूढ आहेत, त्यातली एक निवडावी लागेल. आणि सोपा नियम म्हणाल तर जवळपास आहे. तो मराठीतच दडलेला आहे, पण कुठे फसतो तेही कळलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लेखनाची एक सोय आधी ठरवू. मी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिणार आहे. अपॉस्ट्रॉफीनंतर येणारा एस मी नेहमी “स”नेच दाखवीन, मग बोलताना त्याचा “ज” होत असला तरी. म्हणजे “टीचर’स” हे एका शिक्षकाचं, “टीचर्स’” हे अनेक शिक्षकांचं, आणि नुसतं “टीचर्स” म्हणजे फक्त अनेक शिक्षक.

आता हे तिन्ही मोठ्याने म्हणून पाहा. उच्चारात काडीचा फरक नाही. खरी अडचण इथेच आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, प्रमाणपत्रं यांचं इंग्रजी तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. व्याकरण उत्तम असलेली माणसंही या चिन्हाशी अडखळताना दिसतात, कारण ती कानावर भरवसा ठेवतात. कान इथे काहीच सांगत नाही. हा फरक फक्त कागदावर आहे, त्यामुळे तो अर्थावरूनच ठरवावा लागतो.

आणि अर्थ ठरवायला मराठीइतकं सोयीचं साधन नाही. “शिक्षकाचा डबा” आणि “शिक्षकांचा डबा” यांत आपल्याला कधी गोंधळ होतो का? “चा”च्या आधीच्या अक्षरावर अनुस्वार आला की अनेकजण, नसला की एकजण. लिहितानाही कळतं, ऐकतानाही कळतं. म्हणून माझी रीत अशी: इंग्रजी शब्दसमूहाचं आधी मराठी करा. मराठीत चा-ची-चे आलंच नाही, तर अपॉस्ट्रॉफी नाही. “शिक्षक आले”, “टीचर्स केम”, संपलं. चा-ची-चे आलं आणि आधी अनुस्वार नाही, तर एकवचनी शब्द जसाच्या तसा ठेवून पुढे अपॉस्ट्रॉफी आणि एस. अनुस्वार आहे, तर शब्दाचं अनेकवचन पूर्ण लिहा आणि त्यानंतर अपॉस्ट्रॉफी.

“जसाच्या तसा” या शब्दांवर जोर देते, कारण वाय या अक्षराने संपणाऱ्या शब्दांत तिथेच घोटाळा होतो. “कंपनीची पॉलिसी” लिहायचंय आणि कागदावर येतं अनेक कंपन्यांचं रूप, वाय जाऊन आय-ई-एस झालेलं. मराठीत विचारा: कंपनीची की कंपन्यांची? कंपनीची. मग वायला हात लावायचा नाही, त्याच्यापुढे अपॉस्ट्रॉफी आणि एस. कंपन्यांची असेल तरच आय-ई-एस, आणि त्यानंतर अपॉस्ट्रॉफी. पार्टी, सिटी, फॅकल्टी, सगळ्यांचं हेच.

तुमच्या फलकाला ही रीत लावताना एक पायरी जास्त लागते. आपण “शिक्षक दिन” म्हणतो. समासात “चा” गळून पडलेला असतो, त्यामुळे तो आधी सोडवून घ्यावा लागतो: शिक्षकांचा दिवस. अनुस्वार आला, म्हणून “टीचर्स’ डे”. अभियंता दिन, डॉक्टर्स डे, शेतकरी दिन यांचंही तसंच, एसनंतर. महिला दिन आणि बालदिन इथे मात्र दुसरी गोष्ट घडते. “महिलांचा”, “बालकांचा” यांत अनुस्वार आहे, पण “विमेन” आणि “चिल्ड्रन” ही अनेकवचनं एसने संपतच नाहीत. तिथे पूर्ण अनेकवचन लिहून त्यापुढे अपॉस्ट्रॉफी आणि मग एस: “विमेन’स डे”, “चिल्ड्रन’स डे”. “मेन” आणि “पीपल” याच गटातले. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या नावात अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी येते, ती यामुळेच. “मेन” हा शब्द स्वतःच अनेकवचनी आहे, म्हणून कपड्यांच्या दुकानांवर अपॉस्ट्रॉफी न देता जे “मेन्स” रंगवलेलं दिसतं, ते सर्वसाधारण लिखाणात आणू नका.

मदर्स डे हा मुद्दाम सांगण्यासारखा अपवाद आहे. माता तर जगात अनेक, मग अपॉस्ट्रॉफी एसनंतर का नाही? अमेरिकेत या दिवसासाठी धडपडणाऱ्या ॲना जार्विस यांचा एकवचनाचा आग्रह होता. प्रत्येक घराने आपापल्या एका आईचा मान राखावा, ही त्यामागची कल्पना. १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी दिवस अधिकृत केला, तोही याच रूपात. म्हणजे “आईचा दिवस”, “आयांचा” नव्हे. फादर्स डेही त्याच वळणाने गेला. दिवसांच्या नावांत तर्कासोबत इतिहासही असतो, म्हणून नाव रूढ असेल तर रूढ रूपच वापरायचं.

आता ही रीत कुठे फसते ते बघू. सगळ्यात मोठा खड्डा आपल्या आदरार्थी बहुवचनाचा आहे, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या मजकुरात मराठी माणसाकडून होणारी हीच चूक मी सर्वांत जास्त दुरुस्त करते. “प्राचार्यांचे भाषण”, “आजोबांची काठी”, “टिळकांचे विचार”, “साहेबांची सही”. सगळीकडे अनुस्वार, आणि माणूस मात्र प्रत्येक ठिकाणी एकच. मराठी मनात “प्राचार्यांचे” घोळत असतं आणि हात आपोआप एसनंतर अपॉस्ट्रॉफी देऊन जातो. इंग्रजीत आदर या चिन्हाने दाखवता येत नाही. म्हणून अनुस्वार दिसला की आणखी एक प्रश्न विचारायचा: माणसं किती? एक असेल तर “प्रिन्सिपल’स स्पीच”, “तिलक’स थॉट्स”. प्रमाणपत्रांवर आणि अहवालात मान्यवरांची नावं पानोपानी असतात, तिथे हा प्रश्न न कंटाळता प्रत्येक नावाला विचारावा लागतो.

आडनावांमध्ये हे आणखी गुंतागुंतीचं होतं. “जोशींचा वाडा” म्हणजे एका जोशींचा की जोशी कुटुंबाचा? मराठी वाक्यावरून सांगता येत नाही, संदर्भ लागतो. एकाच व्यक्तीचा असेल तर “जोशी’स”. कुटुंबाचा असेल तर आधी “द” लावून आडनावाचं अनेकवचन आणि मग अपॉस्ट्रॉफी: “द जोशीज’ वाडा”. बंगल्याच्या फाटकावर नुसतं “द जोशीज” लिहायचं असेल, म्हणजे इथे जोशी मंडळी राहतात एवढंच सांगायचं असेल, तर “चा” नाही आणि म्हणून अपॉस्ट्रॉफीही नाही. पाट्यांवर ती हमखास एसच्या आधी दिसते. मग वाचणाऱ्याला वाटतं, जोशींचं काय? पुढचा शब्द राहिला का?

दुसरा खड्डा सर्वनामांचा. “त्याचा, तिचा, आमचा, तुमचा, त्यांचा” यांत “चा” आहे, पण इंग्रजी सर्वनामांची मालकीची रूपं मुळातच वेगळी आहेत, त्यांना अपॉस्ट्रॉफी लागत नाही: “हिज, हर्स, इट्स, अवर्स, योर्स, देअर्स”. अर्जाच्या शेवटी “योर्स फेथफुली” लिहिताना एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी देण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि अजून गेलेली नाही. तुमच्या कार्यालयात पत्रांचा नमुना जपून ठेवलेला असेल, तर तो आजच उघडून बघा. एकदा नमुन्यात सुधारलं की पुढची सगळी पत्रं सुधारतात.

“इट्स”चा गोंधळ वेगळ्या कारणाने होतो. हे चिन्ह दोन कामं करतं. एक मालकी दाखवण्याचं आणि दुसरं गाळलेलं अक्षर दाखवण्याचं. “इट’स” म्हणजे “इट इज” किंवा “इट हॅज”. वाक्यात ते पूर्ण रूप घालून बघा. अर्थ लागला तर अपॉस्ट्रॉफी, नाहीतर नाही. “द स्कूल अँड इट इज स्टुडंट्स” याला काही अर्थ नाही, म्हणून तिथे साधं “इट्स”.

ही दोन कामं एकाच चिन्हाकडे कशी आली, हे मला स्वतःला फार रंजक वाटतं. सोळाव्या शतकात हे चिन्ह फ्रेंचच्या वळणाने इंग्रजीत आलं, ते गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांचा षष्ठीचा प्रत्यय “ई-एस” असा होता. आपल्या “चा”सारखाच, नामाला चिकटणारा. पुढे त्यातला ई लिहिण्यातून गळत गेला आणि त्या जागी हे चिन्ह बसलं. अनेकवचनात एसनंतर ते देण्याची पद्धत त्याहून उशिराची. शाळेत सांगताना मी हे जरूर सांगते, कारण “एसच्या आधी चिन्ह का” या मुलांच्या प्रश्नाला “नियम आहे” याहून चांगलं उत्तर आहे, आणि ते मुलांना आवडतं.

तिसरी जागा काळाची आणि मापांची. “एक महिन्याची नोटीस” म्हणजे “वन मंथ’स नोटीस”, “तीन महिन्यांची” म्हणजे “थ्री मंथ्स’ नोटीस”. “दोन दिवसांची रजा” म्हणजे “टू डेज’ लीव्ह”. कायद्याच्या भाषेतली “सात वर्षांची कैद” अशीच, इयर्सनंतर अपॉस्ट्रॉफी. इथपर्यंत आपली रीत चोख चालते. पण “तीन दिवसांची कार्यशाळा” आली की इंग्रजी सहसा दुसरा रस्ता धरतं. आकडा आणि एकवचन मध्ये जोडरेघ देऊन लिहायचं, “अ थ्री-डे वर्कशॉप”. एस नाही, अपॉस्ट्रॉफी नाही. “पाच रुपयांची नोट”, “दहा वर्षांचा मुलगा” याच जातीचे. ढोबळ ओळख अशी की पुढचं नाम मोजता येणारं असेल, म्हणजे एक कार्यशाळा, एक नोट, एक मुलगा, तर जोडरेघ. नोटीस, रजा, कैद, अनुभव यांसारखं असेल तर अपॉस्ट्रॉफी. शिक्षक-प्रशिक्षणाच्या फलकांवर “थ्री डेज वर्कशॉप” सर्रास असतं. पुढच्या वेळी तेही बदलून घ्या.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: मराठी करा, चा-ची-चे शोधा, अनुस्वार बघा, अनुस्वार असला तर माणसं मोजा, आणि सर्वनाम असेल तर चिन्ह विसरून जा.

आता श्रीनिवास. विकास, सुहास, तेजस, कैलास ही नावं आणि फडणीस, चिटणीस, सबनीस ही आडनावं आपल्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी येतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची पद्धत अशी की विशेषनाम एसने संपत असेल तर नुसती अपॉस्ट्रॉफी द्यायची, म्हणजे “श्रीनिवास’”. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाची शैलीपुस्तिका मात्र आणखी एक एस लावायला सांगते, “श्रीनिवास’स”. दोन्ही चूक नाहीत. माझी पसंती दुसरीला आहे, आणि त्याचं कारण सरळ आहे. इंग्रजीत ते वाचताना आपण “श्रीनिवासेस” असंच म्हणतो, तो शेवटचा आवाज कागदावरही असावा. शिवाय नुसती अपॉस्ट्रॉफी दिली तर घाईत वाचणाऱ्याला “श्रीनिवा” नावाच्या कुणाचं तरी अनेकवचन आहे असं वाटू शकतं. नाव परक्या वाचकासाठी असेल तर हा धोका खरा आहे. तुमच्या संस्थेत आधीपासून एक पद्धत चालत असेल तर तीच ठेवा, कारण एकाच स्मरणिकेत दोन्ही रूपं दिसणं हे कुठल्याही एका रूपापेक्षा वाईट. आणि प्रमाणपत्रावर जागा असेल तर वाक्यच फिरवा. “श्री. श्रीनिवास यांनी दिलेली सेवा” अशा अर्थाची रचना, किंवा “ऑफ” वापरून केलेली रचना, वाद मिटवून टाकते.

“ऑफ” कधी वापरायचा हेही तुमच्या मजकुरात लागेल. मराठीचा “चा” फार उदार आहे. माणसाचा, गावाचा, टेबलाचा, लाकडाचा, सकाळचा, सगळ्यांना तो चालतो. इंग्रजीचा अपॉस्ट्रॉफी-एस माणसं, प्राणी, संस्था, गावं, देश आणि काळ यांच्याशी मोकळेपणाने बसतो, निर्जीव वस्तूंशी कमी. “टेबलाचा पाय” याला “टेबल लेग” म्हणतात, “खोलीचं छत” याला “द सीलिंग ऑफ द रूम”. हा पक्का कायदा नव्हे, वर्तमानपत्रांत तो रोज वाकवला जातो, पण अहवालाच्या भाषेत पाळलेला बरा. मालकाचं नाव लांबलचक असेल तेव्हाही “ऑफ” बरा. “शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या हस्ते” याला एकामागून एक तीन अपॉस्ट्रॉफी लावल्या तर वाचणाऱ्याला धाप लागेल.

दोन नावं एकत्र आली तर पुन्हा मराठीकडे वळा. बोलताना आपण “नेहा आणि समीरचं लग्न” म्हणतो, “चं” एकदाच, कारण लग्न एकच. इंग्रजी पत्रिकेतही “नेहा अँड समीर’स वेडिंग”. पण “नेहाची आणि समीरची गुणपत्रिका” वेगवेगळी, म्हणून इंग्रजीतही दोघांना स्वतंत्र अपॉस्ट्रॉफी-एस. दोन्ही भाषा इथे एकाच चालीने चालतात.

मग “स्पोर्ट्स डे”, “सेल्स टॅक्स”, “सेव्हिंग्ज बँक” यांना चिन्ह का नाही? कारण तिथे मालकी नाही, प्रकार सांगितलाय. खेळांनी तो दिवस आपला म्हणून मिळवलेला नाही, तो क्रीडाविषयक दिवस आहे. माणसांच्या बाबतीत ही रेघ पुसट होते. “टीचर्स असोसिएशन” हे शिक्षकांचं मानलं तर अपॉस्ट्रॉफी, शिक्षकविषयक मानलं तर नाही. दोन्ही रूपं जगभर वापरात आहेत. अशा वेळी व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवून नोंदणीचं प्रमाणपत्र बघायचं. संस्थेचं नाव जसं नोंदलं आहे तसंच लिहायचं, ते तुम्हाला पटो वा न पटो. लंडनच्या पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही स्थानकं एकमेकांना लागून आहेत. पहिल्याच्या नावात अपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याच्या नावात नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ साली नावातली अपॉस्ट्रॉफी काढून टाकली. अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ १८९० पासून गावा-डोंगरांच्या नावांत ती टाळत आलंय, मार्थाज व्हिनयार्डसारखे थोडे अपवाद सोडून. नावांच्या बाबतीत नाव ठेवणाऱ्याचा शब्द शेवटचा. तुमच्या शिक्षक संघटनेच्या लेटरहेडवर अपॉस्ट्रॉफी नसेल, तर प्रमाणपत्रावर तुम्ही ती घालू नका.

साध्या अनेकवचनाला मात्र ती कधीही लावू नका. “टीव्हीज”, “सीडीज”, “एमएलएज”, कितीही परकं दिसलं तरी नुसता एस पुरतो. आणि शिक्षकांच्या परिचयात पदव्या लिहिताना, “मास्टर’स डिग्री” आणि “बॅचलर’स डिग्री” यांत अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, पण “मास्टर ऑफ आर्ट्स” असं पूर्ण नाव लिहिलं तर मास्टरला एसही नाही.

शेवटी छपाईबद्दल. फलकाचा मजकूर छपाईवाल्यांना फोनवर सांगू नका. वर म्हटलं तसं, “टीचर’स”, “टीचर्स’” आणि “टीचर्स” हे फोनवर एकसारखेच ऐकू येतात, आणि ते त्यांच्या सवयीचं रूप टाइप करतील. टाइप करून पाठवा आणि प्रूफ मागवा. प्रूफमध्ये दोन गोष्टी तपासा. सगळी अक्षरं कॅपिटल केली तरी अपॉस्ट्रॉफी राहते, ती गाळलेली नाही ना. आणि तिचं वळण: नऊच्या आकड्यासारखी, शेपूट खाली डावीकडे वळलेली असते. काही फाँटमध्ये तिच्या जागी उलटं, सुरुवातीचं अवतरणचिन्ह येऊन बसतं. मोठ्या फलकावर ते लांबून दिसतं, आणि एकदा फ्लेक्स निघाला की दुरुस्त करता येत नाही.